पेल्यांची उतरंड

अप्पा, आज वर्गात झोपेचा धडा शिकवला. लातूरच्या एका क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी स्वतःच शिकत होते. समोर जळकोट-नायगावकडची पोरं, डोळे तारवटलेली, डॉक्टर व्हायला निघालेली. अंधार पडला की मेंदूतली इवलीशी ग्रंथी मेलॅटोनिन सोडते आणि रात्र झाल्याचं अंगाला कळतं, असं मी सांगत होते. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, दारू पिल्यावर तर लगीच झोप लागती की. आमचे पप्पा पडल्या पडल्या घोरत्यात." वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

भूकंपात उदगीरच्या आपल्या घराची भिंत तडकली, पडली नाही. तरी सगळी गल्ली अंगणात झोपायची. थंडी पडली तसे लोक आत गेले, तुम्ही काही जाईनात. निजण्याआधी अंथरुणाशी स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचायचात, जमीन हलली तर खणखणून पडावी म्हणून. ज्या आईनं घरात कधी बाटली येऊ दिली नव्हती, तिनंच एका संध्याकाळी त्यातला एक पेला भरून तुमच्या हातात दिला. "घ्या, पर आत निजा. लेकरं गारठून राहिलीत." तुम्ही "हाव" म्हणालात आणि खाली मान घालून प्यायलात.

त्या रात्री आपण घरात झोपलो. औषध लागू पडलं, असंच वाटलं आम्हाला. पण पहाटेच्या आधीच तुम्ही दचकून उठायचात, पेले चाचपायचात, "हललं का गं?" विचारायचात. उतरंड जागच्या जागी असायची. मग दुसऱ्या संध्याकाळी थोडी जास्त. आपण सगळे जमिनीलाच बोल लावत बसलो. जमीन केव्हाच शांत झाली होती, अप्पा. संध्याकाळची दारू मेलॅटोनिन दाबते. आधी गुंगी येते, ती उतरू लागली की झोप मोडते. तुम्हाला तो पेलाच उठवत होता, आणि शेवटी तुम्हाला घेऊन गेला तोही तोच. किती साधी गोष्ट, आणि आपल्यातल्या कुणालाच माहीत नव्हती. फार वाईट वाटतं.

त्या पोरीला मी फळ्यावर आकृती काढून सगळं समजावलं. घरी आले तर आई गॅलरीत बसलेली. तिलाही सांगायचं म्हणून शेजारी टेकले, तर तीच म्हणाली, "तुजे अप्पा रात रात जागून राखण करायचे, म्हणून तर तुमी निवांत झोपलाव." मी "हाव" म्हणाले. पहिला पेला तिच्या हातचा होता. आणि खरं सांगते अप्पा, फळ्यावर काहीही लिहिलं तरी मलाही तिचंच खरं वाटतं.