बाटलीतलं निळं सोनं

शुक्रवार पेठ, सोलापूर
१४ जून १९३४

प्रिय वेणीमाधव,

तुझं पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा वाचून जास्त काही कळेल असं वाटत नाही, म्हणून लिहायला बसलो. तू पुण्याच्या तुझ्या कॉलेजातून पाठवलेल्या सोन्याच्या क्षारापासून मी घरीच द्रव केला, तो डाळिंबाच्या रसासारखा लाल झाला. चार दिवसांनी पाहतो तर एका बाटलीतला निळा, हे तुला कळवलंच होतं. बाटल्या धुण्याचं काम आमच्या प्रभाचं. मी तिच्यावर संतापलो. ती ‘आप्पा, ऐका तरी’ म्हणत होती, मी उठून गेलो. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

तू लिहितोस, सोन्याचे ते अतिसूक्ष्म कण गोल असले तर द्रव लाल दिसतो. लांबट झाले किंवा एकमेकांना चिकटले तर ते प्रकाशातला निराळाच भाग गिळतात, मग तो निळा दिसतो. बाबा रे, वीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवतोय. सोनं तेच, वजन तेच, मग नुसत्या घडणीनं रंग का बदलावा? तुझं गणित माझ्या डोक्यात शिरत नाही.

आणि तुझं पत्र यायच्या आधीच प्रभानं मला बोलावून दोन नळ्या पुढं ठेवल्या होत्या. दोन्हींत लाल द्रव. एकीत तिनं शुद्ध केलेलं पाणी घातलं, लाल तसाच राहिला. दुसरीत आमच्या आडाचं मचूळ पाणी. बघता बघता निळा. ‘बाटली मी आडाच्या पाण्यानं धुतली होती, चूक माझीच,’ ती म्हणाली. ‘पण शुद्ध पाण्यात साखर घातली तर असं होत नाही, मीठ घातलं तर होतं. कण एकमेकांना चिकटत असणार.’ हे कुठं वाचलंस, विचारलं. म्हणाली, ‘वाचलं नाही, करून पाहिलं.’

वेणू, अक्कलकोटच्या स्थळाला मी गेल्याच आठवड्यात होकार कळवलाय. मार्गशीर्षात लग्न. माणसं चांगली आहेत, लेकीचं लग्न ठरलं म्हणून रुक्मिणी खुशीत आहे. मोडायला मला एकही कारण सांगता येत नाही. प्रभाला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. काल विचारलं. ती म्हणाली, ‘वेणूकाकांच्या कॉलेजात मुली असतात का?’ असतात हे माहीत असून मी लग्नाच्या खरेदीचं बोलू लागलो. काय करावं ते खरंच कळत नाही. तू प्रवेशाचा अर्ज पाठव. पाकिटावर नाव मात्र तिचं घाल. माझ्या नावानं आला तर मी तो दडवून ठेवीन, अशी मला भीती वाटते.

तुझाच,
एकनाथ