लुगड्याची झोळी

माय, तुझे गुडघे आता कसे आहेत? बाबांचा खोकला थांबला का? मोठ्या आत्याला ऐकू यायला लागलं, की तिकडेही तू तिच्या कानाशी ओरडून राहिलीस? इकडे माझी कंबर सोडली तर सारं बरं आहे. तू गेलीस तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. मग सौंसरच्या स्टँडवर बसच्या पाट्या वाचत वाचत अक्षरं लागली, म्हणून आज लिहायला बसले.

गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तिघांनी मिळून पाळणाघर काढलं आहे. खोली जिनिंगवाल्यांची, खिचडी सरकारची, आणि लेकरं सांभाळणाऱ्या आम्हा बायांना शिकवायला नागपूरच्या संस्थेची मॅडम. दोन घरचा पाहुणा उपाशी, असं तू म्हणायचीस. इथे तर तीन घरं! नवेकोरे लोखंडी पाळणे आले, पण लेकरं त्यात पाठ टेकेनात. शेजारची सून तिथेच कापूस निवडते. तिचं आठ महिन्यांचं पोर इतकं रडायचं, की ती दर तासाला काम टाकून धावत यायची. मुकादम तिला म्हणाला, "सोमवारपर्यंत पोट्टं राहिलं तर ठीक, नाही तर दुसरी बाई पाहतो." जिनिंगचे साहेब म्हणे खेळणी आणू, मॅडम म्हणे पंखा लावू, खिचडीवाली सरकारी बाई म्हणे सवय होईल.

मला तुझं वावर आठवलं. तू कापूस वेचते आहेस, कडुलिंबाच्या फांदीला तुझ्या लुगड्याची झोळी, त्यात धाकटा, आणि दोरी माझ्या हातात. एकदा मी धुतलेली चादर बांधली तर त्यानं रान डोक्यावर घेतलं. तू म्हणालीस, "नेसलेलंच बांध वो, त्यात मायचा वास असते."

तेच मी तिघांना सांगितलं. साहेब हसले, "मावशी, एवढे पाळणे सोडून चिंध्या टांगता?"

"पाळणे तुमचे, साहेब. झोप तं लेकराची आहे न!"

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या मिस्त्रीनं छताला कड्या ठोकल्या, मॅडमनं सरकीचं पोतं टांगून वजन पाहिलं, आणि सरकारी बाईनं तोंड वाकडं करत का होईना, रजिस्टरात 'झोळ्या' लिहिलं. बाया आपापली जुनी पातळं घेऊन आल्या. शेजारच्या सुनेजवळ मात्र दोनच, एक अंगावर, एक वाळत. मग मी पेटीतलं तुझं हिरवं लुगडं काढलं, मधोमध कापलं आणि अर्धं तिला दिलं. "दोन रात्री अंगाखाली घेऊन नीज," म्हटलं.

सोमवारी पोर दुपारपर्यंत झोपलं. मुकादम दोनदा डोकावला आणि आपल्या कामाला परत गेला. सून जेवायच्या सुट्टीत आली, झोळीत पाहिलं, आणि तशीच दारात बसून निवांत भाकर खाल्ली. तिला बसून जेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

लहानपणी बाहुलीसाठी मी ह्याच लुगड्याचा काठ कापला होता. तू पाठीत धपाटा घालून म्हणाली होतीस, "विचारल्याशिवाय कैची लावशील तं याद राख!" ह्या वेळीही मी विचारलं नाही. हे पत्र उरलेल्या अर्ध्या लुगड्याच्या घडीत ठेवून राहिले. रागावली असशील तर तसं लिही, पण लवकर लिही.