सुनेच्या गालावरचे ठिपके

१२ जानेवारी
भाग्यश्रीच्या गालावरचा पांढरा डाग रुपयाएवढा झाला. खराडीला ऑफिसला जाताना सगळ्याच मुली तोंडाला ओढणी बांधतात — पण ही घरातही बांधायला लागली! मी म्हटलं, अगं, घरात कसली धूळ? तिने गाठ आणखी घट्ट केली.

१५ जानेवारी
आज मी तिच्याबरोबर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉ. ऋतुजांनी कागदावर एक पेशी काढून दाखवली. अष्टभुजाच! ही रंगाचे दाणे तयार करते आणि हात लांब करून आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना वाटते. त्या ते छत्रीसारखे आत धरतात, ऊन बाधू नये म्हणून. भाग्यश्रीच्या गालावरच्या या वाटणाऱ्याच मेल्यात.

मी विचारलं, गोऱ्या माणसांत या कमी असतात का? "नाही हो काकू, साधारण सारख्याच. गोऱ्यांच्या जरा कमी काम करतात, इतकंच." म्हणजे मी जन्मभर आळशी पेशींचा तोरा मिरवला! भाग्यश्री खुदकन हसली. महिन्याभरात पहिल्यांदाच.

३ फेब्रुवारी
आठवड्यातून दोनदा दवाखान्यात गालावर औषधी लाइट घ्यायचा. मीच स्कूटरवरून नेते. "आई, सिग्नल लाल होता." "दिसला मला."

२२ फेब्रुवारी
काही फरक नाही.

९ मार्च
जिन्यात समोरच्या हिराताई. "सुनेला कोड आलं का हो?" म्हटलं, "हो. घरी येऊन ऐकता, की इथेच उभ्यानं?" गेल्या.

वर आल्यावर मात्र रडू आवरेना. ऋषीसाठी भाग्यश्रीला बघायला परभणीला गेलो होतो, तेव्हा परतताना गाडीत मीच म्हटलं होतं — मुलगी गुणी आहे, पण रंग... आता तोच रंग देवाकडे मागतेय. लाज वाटते.

२ एप्रिल
आला! डागाच्या मधोमध मोहरीएवढा काळपट ठिपका! पेपर वाचायच्या भिंगातून दोनदा पाहिला. केसाच्या मुळाशी राखीव पेशी असतात म्हणे, त्या वर येतात. मी ओरडलेच, "काळी व्हायला लागलीस गं!"

"आई, परत म्हणा. रेकॉर्ड करते."

शिरा केला. ह्यांनी विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, खा मुकाट्यानं.

१८ मे
सतरा ठिपके. मी रोज मोजते म्हणून चिडते, पण गाल पुढे करते. ओढणी आता खुंटीला. आज बिनओढणीची भाजी आणायला गेली, माझी पोर.

२४ मे
ऋषीला विम्यासाठी तिच्या फाइलची झेरॉक्स हवी होती. काढताना अगदी पहिला कागद वाचला, डिसेंबरात ती एकटीच दाखवायला गेली होती तेव्हाचा. लिहिलंय — गोरं करणाऱ्या क्रीममधल्या रसायनाने रंगाच्या पेशी मेल्या. क्रीम पेशंटने स्वतः विकत आणलं, सहा महिने लावलं.

मला म्हणाली होती, डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

ते क्रीम तिने आणलं नव्हतं. तिच्या वाढदिवसाला मी दिलं होतं.