देठाशी पांढरी

सातारा, १२ जानेवारी २०२५

ती. आप्पा यांस स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

तोफखान्यातल्या नोकरीने तुमचे कान गेले. फोनवर ऐकू येत नाही आणि हे शेजाऱ्यांच्या तोंडून सांगवत नाही, म्हणून पत्र. तुमचे जावई जयराज ते कडेगावच्या गाडीत वाहकाकडे देतील.

काल आईला भिलारकडच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात नेलं. हट्ट तिचाच. गेल्या वर्षी आम्ही पाठवलेली तुम्हाला आवडली होती, यंदा आपल्या हाताने तोडून द्यायची म्हणाली. तिथे गिऱ्हाइकाच्या हातात परडी देतात. शेतात हवी तेवढी खायची, वजन फक्त परडीतल्या फळांचं. माणसं वाफ्यांत उभी राहून खात होती, फोटो काढत होती. शेतकरी जोतिबा आईला म्हणाला, मावशी, खावा की. ती म्हणाली, लोकाच्या उभ्या पिकात तोंड घालायला मी काय शेळी हाय व्हय? एकही खाल्ली नाही.

थोडं तोडायची, थोडं बसायची. पण तोडली ती सगळी देठाशी पांढरी. लांबच्या बाजाराला टोमॅटो पाठवताना तुम्ही दोघं तोडता, तशी. जोतिबाने सांगितलं, ही तोडली की रंग धरत्यात, गोडी न्हाई धरत. तिचा हात थांबला नाही. खाणाऱ्याला यायला येळ हाय, तवर हुत्यात पिकून, म्हणाली. मला हसू आलं. परतताना तिला धाप लागली आणि गाडी वाटेत उभी करावी लागली.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. तिला हे सांगितलेलं नाही. तुम्ही या.

लोभ आहेच. तो घेऊन इकडेच या.

तुमची
स्वप्नाली


कडेगाव, १५ जानेवारी

चि. सौ. स्वप्नाली हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ऊसतोडीची टोळी कालच रानात उतरली. आता मी निघालो तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाईल आणि आपला ऊस उन्हाळ्यापर्यंत वाळत उभा राहील. तुझ्या आईलाच ते आधी सहन होणार नाही. तिला सांग, शेवटची मोळी गाडीत चढली की मी त्याच पावली निघतो.

डॉक्टरांचं फार मनावर घेऊ नका. मागे मलाही त्यांनी असंच घाबरवलं होतं, मी अजून नांगर धरतो.

तिनं तोडलेल्या फळांना कुणी हात लावायचा नाही. जावयांना खास बजावून सांग, त्यांचा हात फार लांब पोचतो. शेळीचं वाचून एकटाच हसत बसलो.

तिला जप. माझी आठवण सांग, फार नको, डोक्यावर बसेल.

तुझा
आप्पा


सातारा, २२ जानेवारी

ती. आप्पा यांस शि. सा. न.

फळं लाल झाली. आईने एक मला दिली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आंबट होती, पाणचट. गोड आहे म्हणाले. तिला आनंद झाला. बाकीची झाकून ठेव म्हणाली. ती आता मऊ पडली आहेत.

तिला आडवं झोपता येत नाही. सारखी विचारते, ऊस गेला का. तेवढा घोर तरी मिटावा म्हणून काल सांगितलं, गेला. ती शांत झाली. मग म्हणाली, मग त्ये का आलं न्हाईत?

 आप्पा, ऊस राहू द्या.

स्वप्नाली


कडेगाव, १८ फेब्रुवारी

चि. स्वप्नाली हिस आशीर्वाद.

तुझ्याकडून तिचं सामान घेऊन काल पोचलो. निघण्याआधी जावयांना म्हणालो, ते शेत दाखवा. जोतिबाने परडी दिली, काहीतरी बोलला. ऐकू येत नाही तिथं मी मान डोलावतो, ती सवयच झाली आहे. लाल बघून तोडली. वाफ्यातच उभा राहून एक खाल्ली. गोड होती. दुसरी खाववेना.

एक विचारायचं राहिलं, तेव्हा घरात माणसं होती. तुझं दुसरं पत्र मिळालं तसा निम्मा फड उभा टाकून निघालो. मी आलो तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मी मान डोलावली. तिनं तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा वळली नाही. संध्याकाळी गेली.

तू उशाशी होतीस. ती काय म्हणाली? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

आप्पा


सातारा, २५ फेब्रुवारी

ती. आप्पा यांस,

ती म्हणाली, ऊस तर कवाच गेला, मुद्दामच थांबलासा न्हवं?

तुम्ही मान डोलावलीत.

तुम्ही फड उभा टाकून धावत आला होता. त्या खोलीत तुमच्याखेरीज ते फक्त मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

लोभ ठेवा असं लिहायला हात उचलत नाही.

स्वप्नाली