लवकर गुडघे टेकते

३ नोव्हेंबर
काम मिळालं! ज्युनियर आइस हॉकी संघटनेत गोलरक्षक-मूल्यमापक. मानधन नावापुरतं, पण पद आहे. घरातली पहिली पदवी माझी, तीही क्रीडाशास्त्राची. चीज झालं.
बाबांनी विचारलं, म्हणजे करायचं काय? सांगितलं, गोलपाशी उभ्या राहणाऱ्या मुलींचं तंत्र बघून मार्क द्यायचे. म्हणाले, आणि तू कधी उभी राहणार? बाबा फरशा बसवतात. शास्त्र समजावायला वेळ लागेल.
संकल्प: महिनाभरात स्केटिंग शिकणे. मूल्यमापकाने कठड्याला धरून चालणं बरं दिसत नाही.

९ नोव्हेंबर
स्केटिंग नाही. बर्फाच्या मैदानावर, म्हणजे रिंकवर, मिळणारे भाड्याचे स्केट्स घोट्याला चावतात. बारकीचे बरोबर बसतात, पण ते कायम बारकीच्याच पायात.
बारकी म्हणजे धाकटी बहीण. तीही गोलरक्षक. जानेवारीत अकादमीची निवड आहे, जागा एकच. पुढच्या वर्षी तिचं वय निघून जातं. म्हणून सध्या झोपेतही हात झटकते. काल सामना हरून आली तर बाबा म्हणाले, घरी धड दोन घास खात नाही आणि तिकडे पाच गोल खाऊन येते! तीच सगळ्यात जास्त हसली.
कोच सरांना स्पष्ट सांगितलं, सख्खी बहीण आहे. म्हणाले, दुसरं कुणी मिळत नाही, तूच बघ, फक्त पक्षपात नको. सरांनी मला अजून ओळखलेलं नाही.

१६ नोव्हेंबर
संघटनेचे जुने रिपोर्ट वाचले. निम्मे इंग्रजी. आईबापांना काय डोंबल कळणार? आपले रिपोर्ट शुद्ध, सोप्या मराठीत. इंग्रजी शब्दांना टोटल बंदी.

४ डिसेंबर
दिवसभर निरीक्षण. पाय बधिर.
एक उंच मुलगी आहे, सगळे तिला भिंत म्हणतात. कपाटासारखी उभी असते, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, येऊन तिच्यावर आपटतो. याला तंत्र म्हणत नाहीत.
बारकीचा कोन अचूक. ग्लोव्ह तर दिसतच नाही, एकदम पक हातात दिसतो. खोट एकच. समोरची अजून स्टिक उचलतेय तोवर ही गुडघ्यांवर. मग वरचे दोन्ही कोपरे मोकळे. पंधरा दिवसांत सुटेल अशी सवय.
परत येताना बसमध्ये बारकीने विचारलं, ताई, कशी खेळले गं? म्हटलं, मूल्यमापक खेळाडूशी चर्चा करत नाही. म्हणाली, बरं मूल्यमापक, मग माझी बॅग तरी उचला. उचलली. बॅग पक्षपातात मोडत नाही.
स्केटिंग: आज गर्दी होती.

२१ डिसेंबर
रिपोर्ट पूर्ण. बारकीच्या रिपोर्टमध्ये ग्लोव्हबद्दल एक चांगलं वाक्य होतं. खोडलं. लोक म्हणायला नकोत. अखेरचा शेरा मात्र जमून आला: ‘लवकर गुडघे टेकते.’ अख्ख्या रिपोर्टचं सार. सर म्हणाले, जरा खुलासा कर की. म्हटलं, सर, शेंबड्या पोरालाही कळेल.
समाधान वाटलं.

१२ जानेवारी
भिंत निवडली गेली.
सरांचा फोन आला होता. निवड समितीचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी, जन्मात बर्फावर पाय ठेवलेला नाही. मीटिंगमध्ये म्हणाले, मुलगी गुणी आहे हो, पण सख्खी बहीणच लिहिते की लवकर हार मानते, मग आपण काय करणार?
मी ओरडलेच. अहो सर, गुडघे म्हणजे गुडघे! पायाचे! सर म्हणाले, ते मला कळलं होतं.
अध्यक्षांचं मराठी कच्चं आहे.

१४ जानेवारी
अध्यक्षांना भेटले. त्यांच्या दुकानात उभं राहून गोलरक्षक कसा खाली बसतो ते करून दाखवलं. गिऱ्हाईक बघत होतं. अध्यक्ष प्रेमळ आहेत. म्हणाले, बाळ, मग ‘लवकर खाली बसते’ असं लिहायचं होतंस.
ते वाक्य कानाला गोड लागलं नसतं.
संकल्प: आकृत्यांसह अपील. जिंकणारच.

२० जानेवारी
रिपोर्टची प्रत प्रत्येक खेळाडूच्या घरी येते, हे लक्षात नव्हतं.
ती वाचल्यापासून बारकी रिंकवर गेलेली नाही. तिला आकृती काढून समजावलं. मन लावून ऐकलं तिने. मग म्हणाली, पण ताई, खरंच आहे ते. गणित सोडलं, पोहणं सोडलं, मी सगळंच लवकर सोडते. तू शिकलेली आहेस, तुला दिसलं असणार. म्हटलं, वेडी का काय, मी फक्त खेळाबद्दल लिहिलं. तर म्हणाली, मग खेळातलं चांगलं काहीच नाही दिसलं का गं?
उत्तर होतं माझ्याकडे. निःपक्षपातीपणा. आकृतीच्या कागदाची घडी घातली.
बाबा पलीकडून म्हणाले, माझा जन्म गेला गुडघ्यांवर, मला कुणी नापास नाही केलं.
कुणी हसलं नाही.

६ फेब्रुवारी
अपील फेटाळलं. सोबत एक ओळ: मूल्यमापकांची भाषा प्रभावी आहे, पुढील हंगामातही काम पाहावे.
बारकीला म्हटलं, दुसरा क्लब बघू, मी सरांशी बोलते. म्हणाली, राहू दे. सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर कामावर जाते, फरशा हातात देते. गुडघ्यांना हॉकीचेच नी-पॅड बांधते. बाबा सांगत होते, हात भारी चपळ आहे, एक फरशी पडू देत नाही.
ग्लोव्हबद्दलचं वाक्य साधारण असंच होतं.

८ फेब्रुवारी
बारकीने स्केट्स आणून माझ्या कॉटपाशी ठेवले. म्हणाली, घे, तुला शिकायचं होतं ना. आता मोकळेच असतात.
कॉटवर बसून घातले. बरोबर बसतात. नाड्याही नीट बांधल्या.
उभी राहिले नाही.