वर्गणीच्या कॅसेटवर अक्का

धरणगाव, दि. ९ एप्रिल १९८८

तीर्थस्वरूप सुगंधा अक्काच्या पायांशी धाकट्या अभिमनचा नमस्कार. धुळ्याला सगळे खुशाल असतील. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींनी दाढ काढली का? आम्ही इकडे अंगाने बरे आहोत, पण जे घडलं त्याने माझी वाचाच बसली आहे, म्हणून लिहून कळवतो.

मंदाच्या लग्नासाठी मी बाजारातल्या कौतिकच्या कॅसेट लायब्ररीचा मेंबर झालो, हे तुला आठवत असेल (विसरली नसशीलच). त्याच्याकडे दोन रीती. एक, कोरी कॅसेट द्यायची, हवी ती गाणी सांगायची, गाण्यामागे रुपया. तो भरून देतो आणि ती जन्माची आपली. दुसरी, महिन्याची वर्गणी भरायची, रोज एक कॅसेट न्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची. पुष्पा म्हणाली, परतच द्यायचं तर आपल्याजवळ राहिलं काय? मी तिला समजावलं (जिनिंगमध्ये वीस वर्षं कारकुनी केलेल्या नवऱ्याला ही शिकवते!) की दुकानातल्या सगळ्या कॅसेटी आता आपल्याच आहेत, फक्त कपाट त्याचं वापरतोय. त्याच तोऱ्यात साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी तुलाही बोललो, की हळदीला बायकांनी घसे फोडायची गरज नाही, वर्गणी भरली आहे, मशीन गाईल. तू दुपारच्या एस.टी.ने धुळ्याला निघून गेलीस. साखरपुडा तुझ्याविना झाला.

आता ऐक. मी ते बोलायच्या तासभर आधी तुम्ही सगळ्या ओसरीवर व्याह्याच्या थट्टेची गाणी म्हणून बघत होतात. लायब्ररीच्या कॅसेटवर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून तिच्या पाठीवरच्या दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या मोडलेल्या असतात. आपल्या मंदाने त्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि तुमची सगळी गाणी लायब्ररीच्या सनईच्या कॅसेटवर भरली! तिला वाटलं, बापाने वर्गणी भरली म्हणजे कॅसेट घरचीच (हे तिला कुणी शिकवलं ते विचारू नकोस). मला यातलं काही माहीत नाही. मी ती दुसऱ्या दिवशी इमानदारीत परत करून आलो.

गेल्या मंगळवारी दुकानात गेलो तर फळीपाशी सात-आठ माणसं, आणि मशीनमधून तुझा आवाज! व्याह्याचं पोट, व्याह्याचं घोरणं, व्याही पंगतीत जिलब्या कशा मोजतो, सगळं नावानिशी! कौतिक मला म्हणतो, "भाऊ, पाच मेंबर रांगमा शेतस. तुम्हीबी नाव लिखी ठेवा." अक्का, सख्ख्या बहिणीचा आवाज ऐकायला माझा नंबर सहावा! ज्यांना थांबायचं नव्हतं ते रुपया देऊन नुसतं पोटाचं गाणं भरून नेत होते. वर तो म्हणाला, "एक कॅसेट भरीसन भडगावलेबी गई." भडगाव म्हणजे आपले व्याही तोतारामभाऊ. लग्न मोडलं असं धरूनच मी घरी आलो आणि दोन दिवस धड जेवलो नाही.

शुक्रवारी तोतारामभाऊ स्वतः आले. चहाला हात लावला नाही. पिशवीतून कॅसेट काढून समोर ठेवली. "मन्हं नाव बठ्ठा गाणास्मा शे," ते म्हणाले, "मन्ही मोठी बहीण तानुबाईनं एकमाबी नही. तिनी काय पाप करं?" मला आधी कळेचना. त्यांना लहानाचं मोठं केलं ते तानुबाईंनी. नवरीकडच्या बायकांनी नाव घेऊन थट्टा केली नाही, म्हणजे त्या माउलीला कुणी पाहुण्यांत धरलंच नाही! तिने दोन दिवस कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली, नाव आलं नाही, आणि ती रुसली आहे. ती लग्नाला येणार नाही, आणि ती नाही तर वरातही नाही. मी घाईघाईने म्हणालो, दुसरं गाणं भरून पाठवतो. ते म्हणाले, "मांडोमा, तिन्हा तोंडवर म्हणाले जोयजे. मशीन नको. ती गाणारी बाई कोठे शे?" मांडवात तानुबाईंच्या तोंडावर गाणं म्हणणारी तर मीच धुळ्याला घालवली होती. खरंच लाज वाटली, अक्का.

हे सगळं आपलं माहितीसाठी कळवलं. आग्रह नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि चूक शेवटी दोघांचीही असते (तुझी नेमकी कोणती, ते आठवलं की लिहितो). दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा भाऊ, सध्या तोंडात बोट घालून बसलेला,
अभिमन

ता. क. चूक माझीच. हळद सव्वीसला आहे, चार दिवस आधी ये. तानुबाई चष्मा सुतळीने बांधतात आणि चहात चार चमचे साखर घेतात. दोन्ही गाण्यात घ्यावं, असा त्यांचाच निरोप आहे.

पुन्हा ता. क. वर्गणी बंद केली. रुपया देऊन तुझं एक गाणं कायमचं भरून आणलं. काल सगळे ऐकत बसलो होतो. मध्येच तुला ठसका लागतो, तेव्हा मी पाणी आणायला उठलो. कुणी हसलं नाही.