आप्पांच्या टाचेची गाठ

४ नोव्हें.
आप्पांच्या टाचेचं कुरूप पुन्हा चिघळलं. दसऱ्याआधी मीच ब्लेडनं कापून बिब्ब्याचा चटका दिलेला. तेव्हा मंचरच्या लॅबमधली स. म्हणाली होती, "कापलेलं टाकू नको, आमच्या लॅबच्या सरांना दाखवते." सर, सर, सर. डोकं फिरलं. "माझा बाप काय तुमच्या सरांचा नमुना आहे का?" म्हणालो आणि तुकडा चुलीत. तेव्हापासून बोलत नाही. मी कॉलेज सोडलं तेव्हासुद्धा बोलत होती.

७ नोव्हें.
मंचर. सर्जन म्हणाले, "हे भाजलंय कशानं?" आप्पा म्हणाले, "म्याच लावला बिब्बा. वाटलं, काटा हाय." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तपासणीला तुकडा काढला. स.च्याच लॅबला गेला.

१३ नोव्हें.
पेशी वाईट आहेत, पण कशाच्या ते ठरेना. संशय मेलॅनोमाचा, पण हा कातडीचा कॅन्सर बहुतेक काळा असतो. आप्पांची गाठ गुलाबी. मेणात बसवलेला तुकडा आता पुण्याला, मार्करच्या तपासणीसाठी. काउंटरवर स. फॉर्मकडं बघूनच बोलली. "पेशीत ठरावीक प्रथिन असलं तर तुकडा रंग धरतो. त्यावरून ओळखतात."
"चटक्यानं बिघडलं असेल?"
"आधी काय काय केलं ते लिही."
लिहिलं. माझ्या नावानं. तिनं दोनदा वाचलं.

१६ नोव्हें.
आप्पांना चप्पल आणली. "वावरात चप्पल? लोक हसतील, राव." मग जेवताना, "ती पोरगी बोलती का न्हाई? माझ्यापरीस तुझंच कुरूप मोठं दिसतंय."
ताट सरकवून उठलो. उगाच.

१९ नोव्हें.
एक मार्कर पॉझिटिव्ह. पण तो मज्जातंतूंच्या गाठीतही येतो, एवढ्यावर नाव देता येत नाही. अजून दोन बाकी. स. म्हणाली, "तो पहिला तुकडा असता तर..." पुढं बोलली नाही. बोलली असती तर बरं. निदान भांडलो असतो.

२२ नोव्हें.
सकाळी स.चा फोन. स्वतःहून. इतके दिवस ह्याचीच वाट बघितली, आणि नाव दिसल्यावर उचलवेना.
"रिपोर्ट आलाय. आप्पांना घेऊन ये."
"काय आहे?"
"ये ना तू. मी थांबते."
आप्पा चप्पल घालून गाडीपाशी उभे. "चल की, किल्ली सापडंना व्हय?"
किल्ली खिशातच आहे.